‘अजॅक्स’ तंत्राचा उदय

एखाद्या विद्येचा इतिहास लिहितांना तिचा जन्मदिवस कोणता धरावा, हा प्रश्न नेहमींच अवघड असतो. वस्तु प्रथम घडली तो दिवस धरावा, ती लोकांच्या हातीं पडली तो धरावा, कीं तिला नांव मिळालें तो? सामान्य रीत तिसरा दिवस धरण्याची आहे. कारण नांव लक्षांत राहतें आणि कर्ता विसरला जातो. वेबवरील सबंध पान न बदलतां त्याचा एखादाच भाग सर्व्हरकडून आलेल्या ताज्या माहितीनें भरण्याची जी युक्ति ‘अजॅक्स’ या नांवानें विद्यार्थ्यांस शिकविली जाते, तिच्याविषयीं असेंच झालें आहे. ती इ. स. २००५ मध्यें जन्मली असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः त्या सालीं झालें तें केवळ बारसें. मूल त्या वेळीं सहा वर्षांचें होऊं घातलें होतें. या सहा वर्षांची हकीकत सांगावी, आणि ही विद्या आज शिकणारानें तिच्यांतून काय घ्यावें याचा थोडा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

वेबचा मूळ स्वभाव काय होता हें प्रथम पाहिलें पाहिजे. जिनिव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं मार्च १९८९ मध्यें आपली योजना मांडली. १९९० च्या अखेरीस पहिला सर्व्हर व पहिला ब्राउझर चालू झाला. आणि ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें हें तंत्र सर्वांस विनामूल्य खुलें केलें. शास्त्रज्ञांनीं एकमेकांचीं टिपणें वाचावीं, एका लेखांतून दुसऱ्या लेखांत सहज जावें, हा त्याचा उद्देश. त्यामुळें सर्व व्यवहाराचें एकक ‘पान’ हें होतें. ब्राउझरनें पान मागावें, सर्व्हरनें तें सबंध पाठवावें आणि पाठवून झालें कीं मागणारास विसरून जावें, असा हा शिरस्ता. पोथी वाचणारास तो पुरेसा होता. कारण पोथीचें एक पान बाजूस ठेविल्यावांचून दुसरें हातीं घेतां येत नाहीं. परंतु लोक लवकरच या पानांवर दुकानें मांडूं लागले, अर्ज भरून घेऊं लागले, पत्रव्यवहार करूं लागले. आणि तेथें हा शिरस्ता जाचूं लागला. अर्जांतील एक अंक चुकला तरी सबंध अर्ज सर्व्हरकडे जावयाचा, आणि चूक दाखविणारें सबंध पान परत यावयाचें. आपल्या देशांत विदेश संचार निगमनें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं इंटरनेट सर्वसाधारण ग्राहकांस खुलें केलें. त्या काळीं दूरध्वनीच्या तारेवरून एक-एक पान उतरवून घेणाऱ्यांस हा जाच वेगळा समजावून सांगावयास नको.

यावरील अर्धा उपाय त्याच वर्षीं निघाला. नेटस्केप या कंपनींत ब्रेंडन आइक यांनीं मे १९९५ मध्यें अवघ्या दहा दिवसांत ब्राउझरमध्यें चालणारी एक छोटी भाषा रचली. तिचें नांव प्रथम ‘मोका’, मग ‘लाइव्हस्क्रिप्ट’ आणि शेवटीं, डिसेंबरांत, ‘जावास्क्रिप्ट’ असें झालें. जावा नांवाच्या दुसऱ्या भाषेचा त्या वेळीं मोठा बोलबाला होता, म्हणून तें नांव घेतलें. दोहोंचें नातें नांवापुरतेंच. या भाषेमुळें पानास थोडी बुद्धि आली. अर्जांतील रकाना रिकामा राहिला आहे, हें तें आपलें आपण ओळखूं लागलें. परंतु मागितलेलें खातें पूर्वींच कोणी घेतलें आहे काय, हें सर्व्हरला विचारल्यावांचून कळणार नाहीं. आणि पान न सोडतां विचारण्याची सोय नव्हती. पानास बुद्धि होती, वाचा नव्हती. चतुर कारागिरांनीं यावर आडवाटा शोधल्या. मायक्रोसॉफ्टनें १९९६ मध्यें आपल्या इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरमध्यें पानाच्या पोटांत दुसरें पान बसविण्याची ‘आयफ्रेम’ ही चौकट आणली होती. ती दिसणार नाहीं इतकी लहान करावयाची आणि तिच्यांतून गुपचूप माहिती मागवावयाची, असा हा मागल्या दाराचा व्यवहार होता.

पुढचें दार उघडलें तें एका पत्रपेटीच्या निमित्तानें. मायक्रोसॉफ्टचा ‘एक्स्चेंज’ हा टपालाचा सर्व्हर आहे. त्यावरील पत्रें ब्राउझरांतून वाचतां यावीं म्हणून ‘आउटलुक वेब ॲक्सेस’ हें काम चाललें होतें. प्रत्येक पत्रागणिक सबंध पान बदलूं लागलें तर टेबलावरच्या नेहमींच्या प्रोग्रामाची सर त्यास येणार नाहीं, ही त्या मंडळींची अडचण. त्यांच्यापैकीं ॲलेक्स हॉपमन यांनीं ‘एक्सएमएलएचटीटीपी’ नांवाचा घटक लिहिला. एक्सप्लोररची पांचवी आवृत्ति तेव्हां पुरी होत आली होती, आणि नवी वस्तु तींत घालण्याची मुदत जवळजवळ संपली होती. एक्सएमएल या लेखनपद्धतीचें ग्रंथालय मात्र त्या आवृत्तीबरोबर जाणारच होतें. त्याच्या गाडींत हा घटक बसवून दिला. त्याच्या नांवांत ‘एक्सएमएल’ हीं अक्षरें आलीं तीं मुख्यतः या वाहनामुळें, हें हॉपमन यांनीं पुढें स्वतःच सांगितलें आहे. मार्च १९९९ मध्यें ती आवृत्ति बाहेर पडली. आमच्या मतें या तंत्राचा खरा जन्म हाच.

या घटकाचें काम कसें चाले तें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण सर्व विद्येचें मर्म तेथेंच आहे. पानांतील प्रोग्राम सर्व्हरकडे मागणी पाठवितो. परंतु उत्तराची वाट पाहत बसत नाहीं. जातांना तो एक निरोप ठेवून जातो: ‘उत्तर आलें म्हणजे अमुक काम करा.’ मागणीच्या स्थितीस शून्यापासून चारपर्यंत क्रमांक असत. शून्य म्हणजे कांहींच झालें नाहीं, चार म्हणजे व्यवहार संपला. चार आला आणि सर्व्हरनें २०० या क्रमांकानें ‘ठीक’ म्हणून कळविलें, कीं हातीं आलेला मजकूर पानाच्या योग्य जागीं बसवावयाचा. मध्यंतरीं वाचणारा लिहूं शकतो, पान खालींवर करूं शकतो, दुसरें पत्र उघडूं शकतो. ज्यास ‘असिंक्रोनस’ म्हणतात तें हेंच. पत्र पेटींत टाकून माणूस घरच्या कामास लागतो, पोस्टमनची वाट पाहत उंबऱ्यावर बसून राहत नाहीं, तसा हा व्यवहार आहे. याच घटकास ‘उत्तर येईपर्यंत थांब’ असेंही सांगतां येई. पण तसें सांगितलें म्हणजे उत्तर येईतों सबंध पान थिजून जाई.

एवढी उपयुक्त वस्तु पांच वर्षें अप्रसिद्ध कां राहिली? मुख्य कारण असें, कीं ती एकाच कंपनीच्या एकाच ब्राउझरांत होती. जें पान सर्वांस उघडतां यावयाचें, तें अशा पायावर कोण उभारील? मोझिलानें तिची प्रतिकृति केली व जून २००२ मधील आपल्या पहिल्या आवृत्तींत ती पुरती आणली. ॲपलच्या सफारीनें २००४ मध्यें तिचा स्वीकार केला. ऑपेरानें २००५ मध्यें. अशा रीतीनें प्रतिस्पर्ध्यांनीं एकमेकांचें अनुकरण केल्यामुळें, कोणीही सभा भरवून ठराव न करतां, एक सर्वमान्य साधन तयार झालें. मग गूगलनें त्याचें सामर्थ्य जगास दाखविलें. पॉल बुकहाइट यांनीं रचलेलें जीमेल १ एप्रिल २००४ रोजीं प्रसिद्ध झालें. एक गिगाबाइट जागा फुकट मिळणार हें ऐकून, तारीख पाहतां, अनेकांस ती थट्टाच वाटली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत केव्हिन गिब्स यांचें ‘गूगल सजेस्ट’ आलें. त्यांत शब्द पुरा लिहून होण्यापूर्वींच खालीं सूचना दिसत. फेब्रुवारी २००५ मध्यें गूगल नकाशे आले. त्यांचें मूळ सिडनी येथें रासमुसेन बंधूंनीं सहकाऱ्यांसह केलेल्या कामांत आहे. नकाशा बोटानें ओढावा तसा ओढला जाई, आणि त्याचे नवे चौकोन न मागतां कडेला येऊन बसत.

त्याच महिन्याच्या १८ तारखेस सॅन फ्रॅन्सिस्को येथील जेसी जेम्स गॅरेट यांनीं एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. ग्राहकांशीं बोलतांना ‘असिंक्रोनस जावास्क्रिप्ट आणि एक्सएमएल’ वगैरे लांबलचक परिभाषा पुन:पुन्हां उच्चारावी लागे. तिचा संक्षेप ‘अजॅक्स’ हा त्यांस स्नान करतांना सुचला. हें नांव ग्रीक पुराणांतील एका योद्ध्याचें आहे, आणि अमेरिकेंत भांडीं घासण्याच्या एका भुकटीचेंही आहे. गॅरेट यांनीं आपण शोध लावल्याचा आव आणला नाहीं. गूगलचींच कामें त्यांनीं उदाहरणादाखल दिलीं. तरीही त्या निबंधानें जें केलें तें त्यापूर्वींच्या सहा वर्षांनीं केलें नव्हतें. १९९९ पासून युक्ति होती, परंतु ‘ती’ कोणती हें दाखविण्यास शब्द नव्हता. आणि ज्यास शब्द नाहीं तें शिकवितां येत नाहीं, त्यावर पुस्तक लिहितां येत नाहीं, तें नियमांतही बसवितां येत नाहीं. नांव मिळतांच हें सर्व झालें. एप्रिल २००६ मध्यें वेबचे नियम ठरविणाऱ्या डब्ल्यू३सी या मंडळानें या घटकाच्या नियमांचा पहिला मसुदा काढला. सॅम स्टीफन्सन यांचें ‘प्रोटोटाइप’ आणि जॉन रेसिग यांनीं जानेवारी २००६ मध्यें न्यूयॉर्क येथें पुढें मांडलेलें ‘जेक्वेरी’ हीं ग्रंथालयें निघालीं, आणि पूर्वीं वीस ओळींत होणारें काम एका ओळींत होऊं लागलें. म्हणून नामकरण ही वरवरची गोष्ट आहे असें आम्ही मानीत नाहीं. केवळ जन्माचें श्रेय बारशास देऊं नये, इतकेंच आमचें म्हणणें.

येथें शिक्षणाचा प्रश्न उपस्थित होतो. ज्यांनीं ही विद्या २००५ पूर्वीं आत्मसात केली ते बहुधा दुसऱ्याच्या पानाचा मूळ मजकूर उघडून वाचीत व त्यावरून शिकत. ब्राउझर तो कोणासही दाखवितो. ती एक प्रकारची उमेदवारीच होती. ग्रंथालयांनीं वाट सोपी केली, परंतु मर्म झांकलें. आम्हांस विद्यार्थ्यांत एक चूक वारंवार आढळते. मागणी पाठविल्यावर लगेच पुढच्या ओळींत उत्तर हातीं असेल असें ते धरून चालतात, आणि तेथें कांहींच नाहीं हें पाहून गोंधळतात. दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. शोधाच्या रकान्यांत कोणी प्रथम ‘पु’ लिहिलें व मागोमाग ‘पुणें’ लिहिलें, तर दोन मागण्या जातात. त्यांचीं उत्तरें त्याच क्रमानें येतील अशी कोणतीही हमी नाहीं. पहिलें पत्र वाटेंत रखडलें, तर ‘पुणें’ लिहिणारापुढें ‘पु’च्या सूचना येऊन पडतात. जावास्क्रिप्ट भाषेनें पुढें २०१५ मध्यें ‘प्रॉमिस’ व २०१७ मध्यें ‘असिंक-अवेट’ या रचना आणून असा मजकूर सरळ वाचतां येईल असें केलें खरें. पण काळाचा हा गुंता लेखनाच्या सोयीनें सुटत नाहीं, तो समजूनच घ्यावा लागतो.

या तंत्राची किंमतही सांगितली पाहिजे. पान बदलत नाहीं म्हणून त्याचा पत्ता बदलेना, आणि मागें जाण्याची कळ दाबतांच वाचणारा भलत्याच ठिकाणीं फेंकला जाऊं लागला. त्यासाठीं पुढें निराळी सोय करावी लागली. ऑक्टोबर २००५ मध्यें ‘मायस्पेस’ या स्थळावर ‘सॅमी’ नांवाचा कृमि सुटला. तो बघणाराच्या नकळत याच घटकाकरवीं मागण्या पाठवी, आणि वीस तासांच्या आंत दहा लाखांवर खात्यांत पसरला. जें गुपचूप काम करूं शकतें तें गुपचूप अपकारही करूं शकतें, हें तेव्हां जगास समजलें. आणि जे दृष्टिहीन वाचक यंत्राकडून पान वाचवून घेतात, त्यांस पानाचा कोपरा बदलला हें कळेच ना. अशा बदलाची वर्दी देण्याचे नियम तयार होऊन मार्च २०१४ मध्यें अंतिम स्वरूपांत प्रसिद्ध झाले. पण ते पाळणें पान रचणाराच्याच हातीं आहे.

आज त्या नांवांतील शेवटचें अक्षर बहुतांशीं निरर्थक झालें आहे. एक्सएमएलची जागा डग्लस क्रॉकफर्ड यांनीं प्रसृत केलेल्या ‘जेसन’ या सुटसुटीत लेखनपद्धतीनें घेतली. जुन्या घटकाऐवजीं नवे लोक ‘फेच’ वापरतात. ज्या एक्सप्लोररच्या पांचव्या आवृत्तींत हें सर्व जन्मलें, त्याच्या अखेरच्या आवृत्तीस खुद्द मायक्रोसॉफ्टनें १५ जून २०२२ रोजीं निरोप दिला. राहिली ती एकच गोष्ट: मागणी पाठवावी, थांबूं नये, आणि उत्तर येईल तेव्हां तें योग्य जागीं बसवावें. ग्रंथालयें आणखी बदलतील. आज शिकलेलें नांव दहा वर्षांनीं चालेलच असें नाहीं. म्हणून नव्या विद्यार्थ्यानें तयार साधनें अवश्य वापरावीं, परंतु त्यापूर्वीं एकदां तरी कोणत्याही ग्रंथालयाच्या मदतीवांचून एक मागणी स्वतः लिहावी, तिचीं उत्तरें उलट क्रमानें आलीं तर काय होईल तें पाहावें, आणि सर्व्हर गप्पच राहिला तर वाचणारास काय दिसेल याचाही विचार करावा. एवढें ज्यानें केलें, त्यास पुढचीं नांवें शिकण्यास वेळ लागणार नाहीं.