एक्स्टेन्शन की स्वतंत्र प्रोग्राम?

पायथन ही संगणकभाषा गिदो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. शिकण्यास सोपी, पण आकडेमोडीत संथ, अशी तिची ख्याती आहे. 'इंटरप्रिटर' तिच्यातील आज्ञा एकेक करून अमलात आणतो, हे त्याचे कारण. 'सी' भाषेतील प्रोग्राम मात्र कम्पायलर आधीच यंत्रभाषेत उतरवून ठेवतो. म्हणून जड गणिती भाग सीमध्ये लिहिण्याची प्रथा पडली. हा भाग पायथनला जोडलेले एक्स्टेन्शन असावा की स्वतंत्र प्रोग्राम, यावर वेग आणि सुरक्षितता अवलंबून असते.

एक्स्टेन्शन पायथनच्याच मेमरीत वावरते. माहितीची नक्कल न करता केवळ तिचा पत्ता देऊन काम भागते. २००६ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती निघालेल्या 'नमपाय'चे सामर्थ्य यातच आहे. एका हाकेत लाखो संख्यांवर क्रिया होते. परंतु प्रत्येक हाकेला किंमत असते. ६४ बिटच्या संगणकावर सीमधील पूर्णांकाला ८ बाइट पुरतात. पायथनमधील '१' हा अंक २८ बाइट व्यापतो. असे रूपांतर लाखो वेळा करावे लागल्यास फायदा ओसरतो. म्हणूनच आवर्तने सीच्या बाजूला ठेवणे श्रेयस्कर.

स्वतंत्र प्रोग्रामसाठी ऑपरेटिंग सिस्टिमला दर वेळी नवी प्रक्रिया उभी करावी लागते आणि माहिती फाइल वा 'पाइप'मधून पाठवावी लागते. काम क्षणभराचे असल्यास हाच खर्च डोईजड होतो. काही मिनिटांचे असल्यास तो नगण्य ठरतो. प्रत्यक्ष गणनेचा वेग दोन्हीकडे जवळपास सारखाच असतो.

थोडा फरक बांधणीमुळे पडतो. एक्स्टेन्शन ही 'शेअर्ड लायब्ररी' असल्याने तिचा कोड मेमरीत कोठेही चालेल असा घडवावा लागतो. अशा बांधणीची किंमत पायथनच्या मुख्य लायब्ररीलाही मोजावी लागत होती. २०२० मधील 'फेडोरा ३२'मध्ये कम्पायलरचा केवळ एक पर्याय बदलल्याने पायथनचा वेग चाचण्यांत ५ ते २७ टक्क्यांनी वाढला.

वेगाइतकाच महत्त्वाचा मुद्दा सुरक्षिततेचा. एक्स्टेन्शनमध्ये मेमरीची चूक झाल्यास संपूर्ण पायथन प्रोग्राम कोसळतो आणि न साठवलेली माहिती नाहीशी होते. स्वतंत्र प्रोग्राम कोसळला, तरी मूळ काम चालू राहू शकते.

थोडक्यात, वारंवार लागणाऱ्या छोट्या कामांना एक्स्टेन्शन, तर दीर्घ आणि जोखमीच्या कामांना स्वतंत्र प्रोग्राम योग्य. मात्र निर्णयापूर्वी दोन्हींचा वेळ मोजून पाहावा.