मॅटाडोर ते हायब्रीड

मोठ्या कुटुंबाच्या कुठल्याही गाडीला 'मॅटाडोर' म्हणणारे जुने लोक आमच्या गांधीबागेत अजून भेटतात. पुण्याच्या बजाज टेम्पोने १९६९ च्या सुमारास ही गाडी आणली. कापडाचे गठ्ठे असोत की लग्नाचं वऱ्हाड, ती दोन्ही नेई. वेग कुणी विचारत नसे. पोचली म्हणजे झालं!

पुढे २००० साली क्वालिस आली, २००५ मध्ये इनोव्हा. दोन्ही बहुतेक डिझेलवाल्याच. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर अशी जोडी असलेली इनोव्हा हायक्रॉस लोकांसमोर आली, आणि ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. साहजिकच घरोघरी प्रश्न आला : ही गाडी त्या रस्त्यावर कशी धावते?

हायब्रीड ही कल्पना काही नवी नाही. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० च्या सुमारासच तशी गाडी बनवली होती. टोयोटाची प्रियस १९९७ ची, आणि त्याच कंपनीची एस्टिमा ही हायब्रीड मिनीव्हॅन २००१ मध्ये जपानात आली. घरात एक कमावता आणि एक राखून ठेवणारा असावा, तसं हे तंत्र. ब्रेक लावला की मोटर उलट काम करून वीज बनवते, बॅटरीत साठवते आणि गाडी पुन्हा निघताना तीच वापरते.

आता गंमत बघा. आपला जुना अनुभव असा, की गावात अ‍ॅव्हरेज कमी आणि हायवेला जास्त. हायब्रीडची खरी बचत मात्र सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूच्या कोंडीत होते. तिथे इंजिन बराच वेळ बंद असतं. समृद्धीवर ब्रेकच लागत नाही, मग साठवणार काय? बहुतेक भार इंजिनावरच. गाडी कमी पडते असं नाही. दोघांची मिळून सुमारे १८५ अश्वशक्ती आहे, १२० ची मर्यादा ती सहज गाठते. पण हवा काही सोडत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० चे १२० केले की तो सव्वादोन पट! कंपनी लिटरला २३.२४ किलोमीटर सांगते ते खोटं नाही, पण आपल्याकडची ती चाचणी ताशी ९० च्या पुढे जातच नाही.

आता शाळेतलं गणित करू. ५२० किलोमीटर १२० ने ४ तास २० मिनिटांत होतात, १०० ने ५ तास १२ मिनिटांत. फरक ५२ मिनिटांचा, आणि त्यासाठी हवेचा विरोध जवळजवळ दीडपट.

पेट्रोलचं सोडा, ते पैशाने मिळतं. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली एक बस याच मार्गावर सिंदखेडराजाजवळ पेटली आणि २५ माणसं गेली. गाडी कोणतीही असो, वाट सरळ आणि एकसुरी असली की डोळा लागतो, आणि वेग जितका जास्त तितका सावरायला वेळ कमी. हे कुठलीही बॅटरी बदलू शकत नाही.

मुलं-नातवंडं मागे बसलेली असताना ती ५२ मिनिटं वाचवून करायचं काय? शिर्डीला दर्शनाची रांग तर तेवढीच असते!