दगडांच्या खोऱ्यातील विणकामाच्या शाळा

ख्रिस्तसभेच्या शिक्षणकार्याचा इतिहास लिहिताना संस्थापकांची नावे ठळक अक्षरांत येतात. प्रत्यक्ष मुलांमध्ये बसून त्यांच्या हाती पाटी, सुई वा सूत देणाऱ्यांची नावे मात्र बहुधा कोठेच आढळत नाहीत. आपल्या धर्मग्रामांच्या शताब्दी-स्मरणिका चाळल्या तरी हाच अनुभव येतो. प्रमुख धर्मगुरूंची यादी सनावळीसह असते. शिवणवर्ग चालविणाऱ्या धर्मभगिनी आणि गावातील शिक्षिका ‘सर्वांचे सहकार्य लाभले’ या एका वाक्यात आटोपतात. अठराव्या शतकातील अशा दोन स्त्रियांची ओळख वाचकांना करून द्यावी, असे आम्हांस वाटते.

फ्रान्सच्या पूर्वेस अल्सास प्रांतात व्होज पर्वताच्या कुशीत एक खोरे आहे. फ्रेंच लोक त्यास बाँ-द-ला-रॉश म्हणतात, तर जर्मन भाषेत त्याचे नाव श्टाइनटाल, म्हणजे दगडांचे खोरे. नावाप्रमाणेच जमीन निकस, हिवाळा प्रदीर्घ, रस्ते नसल्यासारखेच. बोलीही अशी, की बाहेरच्या फ्रेंच माणसाला ती कळू नये. १७६७ साली वाल्डर्सबाख या गावी योहान फ्रीडरिश ओबरलिन हे तरुण ल्यूथरपंथी पाळक आले. स्ट्रासबुर्गसारख्या विद्यानगरीत जन्मलेल्या या माणसाने पुढील जवळजवळ साठ वर्षे त्या खडकाळ मुलखातच काढली. लोकांना बरोबर घेऊन त्यांनी रस्ते केले, पूल बांधले, बटाट्याची लागवड सुधारली, फळझाडांची कलमे करावयास शिकविले. त्यांचे हे कार्य जगप्रसिद्ध आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात १८३३ साली स्थापन झालेल्या महाविद्यालयास त्यांचेच नाव दिले गेले.

परंतु त्यांच्या ज्या कार्याचा सर्वाधिक गौरव झाला, त्याचा आरंभ त्यांनी केलेला नाही. बेलमाँ या गावात सारा बान्झे नावाची एक शेतकरी कुटुंबातील मुलगी होती. जन्म १७४५ चा. तिला विणकाम येत होते आणि ती आपल्या घरी शेजारपाजारची लहान मुले जमवून त्यांना लोकर विणावयास शिकवीत असे. तिला कोणी नेमले नव्हते, कोणी वेतन देत नव्हते. आईबाप शेतात गेले की मुले उघड्यावर पडत. ती मुले तिने उबेला आणली, एवढेच. वडिलांना हा उद्योग पसंत नव्हता, कारण त्यातून घरात कवडीही येत नव्हती. गरिबाच्या घरी ही तक्रार अवाजवी म्हणता येत नाही. ओबरलिन यांच्या कानी ही गोष्ट गेली, तेव्हा त्यांनी रीतसर करार करून साराला आपल्या घरची नोकर म्हणून ठेवून घेतले. काम मात्र तेच : मुलांना शिकविणे. हे १७६९ साल होते.

या वर्गांना ‘पोआल’ म्हणत. पोआल म्हणजे शेगडी, आणि शेगडीमुळे ऊबदार झालेली खोलीही. डोंगरातल्या घरात थंडीच्या दिवसांत बसण्याजोगी तेवढी एकच जागा असे. गावोगावच्या ‘विणकामाच्या पोआलां’त अगदी चिमुकली मुलेही येत. ओबरलिन यांच्या पत्नी मारी-सालोमे या शिक्षिकांना तयार करण्यात भाग घेत. मुलांचे हात विणत आणि कान ऐकत. शिक्षिका बायबलमधील कथा सांगे, चित्रे दाखवी, गाणी म्हणवून घेई, बोलीतील शब्दाला शुद्ध फ्रेंच शब्द कोणता ते सांगे. उघडीप असली की मुले रानात जाऊन वनस्पतींची नावे शिकत.

शिकविण्यासाठी विणकामच का निवडले जावे, याचा विचार करण्यासारखा आहे. सुई घालावयाची, धागा वळवावयाचा, ओढून घ्यावयाचा, टाका सोडावयाचा. एवढ्या चार क्रिया हातात बसल्या की डोळ्यांची गरज फारशी उरत नाही. कापड चुकीचे कापले तर ते वाया जाते. विणलेले चुकले तर उसवून तीच लोकर पुन्हा सुईवर घेता येते. दरिद्री खोऱ्यात, जेथे मुलाच्या चुकीची किंमत आईबापांना परवडत नाही, तेथे हा गुण लहान नव्हे. शिवाय पायांत मोजे येत.

त्याच काळी स्ट्रासबुर्ग शहरात विणकरांचा मोठा संघ होता. तो पुरुषांचा. उमेदवारीची वर्षे भरल्यावर कसबाची परीक्षा म्हणून उमेदवाराला फुलापानांचा, बहुरंगी, भिंतीवर टांगण्याजोगा गालिचा विणून दाखवावा लागे. त्यांपैकी काही गालिचे आजही संग्रहालयांत आहेत. साराने अशी परीक्षा दिली नव्हती. तिच्या मुलांनी विणलेले मोजे झिजून गेले.

कॅथलिक परंपरेला हे कसब परके नाही. १४०० च्या सुमारास जर्मनीतील बुक्स्टेहूड येथील धर्मभगिनींच्या मठासाठी मास्टर बर्ट्राम यांच्या चित्रशाळेत एक वेदीचित्र तयार झाले. ते आज हँबुर्गच्या कलासंग्रहालयात आहे. त्यात पवित्र मरिया अनेक सुयांवर गोलाकार विणकाम करीत बसली आहे. बाळ येशू गवतावर पहुडला आहे आणि देवदूत क्रूस, भाला, खिळे घेऊन आले आहेत. ती विणत असलेला झगा बिनशिवणीचा आहे. संत योहानाच्या शुभवर्तमानात (१९:२३) ज्या झग्याचा उल्लेख येतो, तोच चित्रकाराच्या मनात असावा, असे मानतात.

सारा १७७४ साली वारली; वय अवघे एकोणतीस. १७८३ मध्ये मारी-सालोमेही लहान मुले मागे ठेवून निवर्तल्या. तेव्हा घर आणि शाळा या दोहोंचा भार बेलफॉस गावच्या लुईझ शेप्लरवर आला. ती पंधरा वर्षांची असताना या घरी मोलकरीण म्हणून आली होती. काही वर्षांनी तिने धन्याला पत्र लिहून विनंती केली, की यापुढे मला पगार देऊ नये, घरचे लेकरू समजावे. नवरा नाही, संसार नाही, व्रतवस्त्र नाही. तरी आमच्या मते ते धर्मभगिनीचेच जीवन होते. वेगळ्या पंथातील स्त्रीविषयी असे लिहिणे पूर्वी आमच्या काही गुरुजनांना रुचले नसते. पण १९६४ च्या ख्रिस्तैक्यविषयक आज्ञापत्रानंतर आपण हे मोकळेपणाने म्हणू शकतो. स्वतः ओबरलिनही पंथभेद फारसा मानीत नसत. १८२६ मध्ये त्यांच्या अंत्यविधीस कॅथलिक धर्मगुरूही आले होते.

जाताना त्यांनी आपल्या मुलांना पत्राद्वारे लुईझला बहीण मानण्याची आज्ञा केली. मुलांनी वारशात तिला वाटा देऊ केला. तिने तो नाकारला. १८२९ साली फ्रेंच अकादमीने तिला सद्गुणासाठी दिले जाणारे मोंतियों पारितोषिक दिले. विख्यात निसर्गशास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी त्या सभेत तिचे चरित्र वाचून दाखविले. मिळालेली रक्कम तिने गरिबांच्या कामी लावली. १८३७ साली तिचे निधन झाले.

फ्रेंच बालशिक्षणाच्या इतिहासात या पोआलांना आज मानाचे स्थान आहे. वाल्डर्सबाखच्या पाळक-निवासात आता संग्रहालय आहे आणि त्यास ओबरलिन यांचे नाव आहे.