कल्हई उडालेले पातेले आणि तान्ह्या बाळांचे यकृत

१/ समुद्रपूरसारख्या गावात एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर आजही दुधाचे पितळी पातेले सापडू शकेल. कल्हई उडालेले, आतून पिवळे. अशाच पातेल्यांतील दुधाने एकेकाळी कित्येक तान्ह्या बाळांचे प्राण घेतले. हे रहस्य उलगडले ते पुण्यात. त्या शोधाचा हा इतिहास.

२/ १८८७ मध्ये कलकत्त्याचे डॉ. सेन यांनी बालकांच्या एका यकृतविकाराची नोंद केली. साधारण सहा महिने ते तीन-चार वर्षे वयाची ही मुले. पोट फुगे, यकृत कठीण होई, कावीळ उमटे आणि बहुतेक मुले काही महिन्यांत दगावत. पुढे या विकाराला ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ हे नाव पडले.

३/ एकाच आईची मुले पाठोपाठ जात. म्हणून कोणी रक्तातील दोष मानी, कोणी विषाणू, तर कोणी बुरशी लागलेले धान्य. जवळजवळ शतकभर कारण हाती लागले नाही.

४/ १९७८-७९ मध्ये सूक्ष्मदर्शकाने दिशा दाखवली. या मुलांच्या यकृतपेशींत तांबे साचलेले आढळले. निरोगी प्रौढाच्या यकृतात, सुक्या वजनाच्या दर ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमहून कमी तांबे असते. येथे ते ८०० च्याही वर जाई. मग एवढे तांबे आले कोठून?

५/ पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटनमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर प्रभृतींनी उत्तर स्वयंपाकघरात शोधले. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी मांडले: या बाळांना फार लवकर वरचे दूध सुरू झाले होते, आणि ते पितळी वा तांब्याच्या भांड्यांत तापवले व ठेवले जात होते.

६/ दूधच का? दुधातील केसीन हे प्रथिन तांब्याला घट्ट धरते. त्याच भांड्यातील साधे पाणी त्या मानाने फारच कमी तांबे घेते. शिवाय जादा तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्या बाळात ही क्षमता पुरती विकसित झालेली नसते.

७/ मग पूर्वजांना धोका ठाऊक नव्हता का? होता! ताक, चिंच, आमसूल पितळेत कळकते, हे प्रत्येक गृहिणी जाणत असे. म्हणून तर भाता आणि नवसागर घेऊन कल्हईवाला दारी येई आणि भांड्याला कथिलाचा थर देई. गोड दूध मात्र निर्धोक वाटे. कल्हई उडाली तरी पातेले चुलीवर चढतच राहिले.

८/ हा विकार केवळ ‘इंडियन’ही नव्हता. ऑस्ट्रियाच्या टायरोल प्रांतात १९०० ते १९७४ या काळात १३८ बाळे अशाच आजाराने गेली. तेथेही दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांतलेच. जर्मनीत तर भांडेही नव्हते. विहिरीचे आम्लधर्मी पाणी तांब्याच्या नळांतून घरात येई आणि त्यातच बाळाचे पावडरचे दूध कालवले जाई.

९/ तरीही पितळेतील दूध प्यायलेली सगळीच बाळे आजारी पडली नाहीत. काहींत आनुवंशिक दुबळेपणाही असावा, असे टायरोलच्या कुटुंबांवरून संशोधकांना वाटले. ‘रक्तातील दोष’ म्हणणारे अगदीच चुकले नव्हते.

१०/ पुढे स्टील आले, पितळ माळ्यावर गेले, आणि हा आजार भारतातून जवळजवळ नाहीसा झाला. ज्या आयांनी एकामागून एक मुले गमावली, त्यांच्या कपाळी मात्र ‘वांझोट्या नशिबाचा’ किंवा ‘वाईट दुधाचा’ ठपका आयुष्यभर राहिला असेल. दोष ना त्यांचा होता, ना त्यांच्या दुधाचा.

११/ आज तांब्याच्या बाटल्या पुन्हा मिरवल्या जातात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत तांबे चालते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तांब्यात साधे पाणी जरूर ठेवा. लिंबू, ताक, दूध नको. घरात तांब्याचे नळ असतील, तर रात्रभर साचलेले पाणी सकाळी आधी वाहू द्या. आणि पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचेच दूध.