चिकाचं दूध

गाय व्याली की सगळं घर चिकाची वाट पाहतं. खरवस आपण मिटक्या मारत खातो. आमच्याच घरात बाळंतिणीचा चीक मात्र पिळून टाकत. पिवळट, दाट, म्हणून तो ‘जड’. बाळाला तीन दिवस गुळाचं पाणी.

ही समजूत फक्त आपल्याकडचीच नाही. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये वैद्यकी करणारा ग्रीक वैद्य सोरेनस तर वीस दिवसांपर्यंत आईचं दूध नको, दूध पाजायला दाई ठेवा, असं सांगे. १७४८ साली विल्यम कॅडोगन या इंग्रज डॉक्टरने उलट लिहिलं: पहिल्या दुधाने बाळाच्या पोटात साठलेला मळ बाहेर पडतो, ते न देणं हानिकारक आहे. निरीक्षण अचूक होतं. पण चिकात आणखी काय असतं हे कळायला जवळजवळ दीडशे वर्षं गेली. १८९२ मध्ये पॉल एर्लिखने उंदरांच्या पिल्लांची अदलाबदल केली. विषाला प्रतिकार करू शकणाऱ्या मादीचं दूध साध्या मादीच्या पिल्लांना मिळालं, आणि तीही विषाला पुरून उरली. म्हणजे संरक्षण दुधातून आलं होतं. वासराला प्रतिद्रव्यं मिळतात ती चिकातूनच (खरवस खाताना हे आठवत नाही!). माणसाच्या बाळाला काही प्रतिद्रव्यं गर्भात असतानाच वारेतून मिळतात. चिकातली त्याच्या आतड्याच्या अस्तरावर पहारा करतात.

२०११ साली माझी मुलगी झाली तेव्हा हे सगळं मला पाठ होतं. उपयोग शून्य. बाळ अंगावर ओढेचना. रात्रपाळीच्या नर्सबाई तासभर शेजारी बसल्या, बाळाचं पोट माझ्या पोटाला टेकवलं, त्याने तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायला शिकवलं, तेव्हा कुठे जमलं.

आजी पाहत होती. तिचा पहिला मुलगा १९४३ सालचा, आठव्या दिवशी गेला. तिने हळूच विचारलं, “मी त्याचा चीक टाकला, म्हणून गेला का गं?”

शेवटी कसा होता, मी विचारलं. दूध ओढेनासा झाला, जबडा मिटला, अंग ताठ झालं, ती म्हणाली. नाळेतून शिरलेला धनुर्वातच असणार. चिकाने तो टळला नसता. तसं मी तिला सांगितलं, दोनदा सांगितलं. नाळेत तो शिरतो कसा, हे तिने विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. नाळ घरच्या विळीने कापली होती, आणि कापणारी तिची आई होती.