दस्तऐवजांतील हरवलेला पूर्वज : जालना जिल्ह्यातील वंशशोध आणि अभिलेखांची चिकित्सा

प्रस्तावना :
२९ ऑगस्ट २०२३ रोजी जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटी येथे मनोज जरांगे पाटील यांनी मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू केले. १ सप्टेंबर रोजी तेथे पोलिसांनी लाठीमार केला आणि हा प्रश्न राज्यभर चर्चिला गेला. ७ सप्टेंबर २०२३ रोजी शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मराठवाड्यातील निजामकालीन महसुली, शैक्षणिक व इतर अभिलेखांत 'कुणबी' अशी नोंद असलेल्या पूर्वजांचा शोध या समितीच्या कामकाजातून सुरू झाला. एरवी इतिहास संशोधकांपुरता मर्यादित असलेला वंशशोधाचा विषय त्यामुळे सामान्य शेतकरी कुटुंबांच्या जिव्हाळ्याचा झाला. पणजोबांच्या नावापुढील एका शब्दावर नातवंडांचे शिक्षण आणि नोकरीच्या संधी अवलंबून राहू लागल्या. या पार्श्वभूमीवर सदर अभिलेखांचे स्वरूप, त्यांतील अडचणी आणि ऐतिहासिक पुरावा म्हणून त्यांच्या मर्यादा यांची चर्चा प्रस्तुत लेखात केली आहे.

वतनदार घराणी आणि वंशावळ :
वंशावळ जपणे ही मध्ययुगीन महाराष्ट्रात प्रामुख्याने वतनाशी निगडित गरज होती. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांच्या वतनाचा वाद उद्भवला की घराण्याचा मूळ पुरुष आणि त्याच्यापासूनची वाटणी सिद्ध करावी लागे. महजर, करीने आणि कैफियती यांतून अशा वंशावळी टिकून राहिल्या.

याच जिल्ह्यातील जांब (समर्थ) येथील ठोसर घराणे हे त्याचे ठळक उदाहरण होय. समर्थ रामदासांचा जन्म शके १५३० (इ. स. १६०८) मध्ये येथे झाला. वडील सूर्याजीपंत, आई राणूबाई आणि ज्येष्ठ बंधू गंगाधर यांची नावे सर्वपरिचित आहेत. सांप्रदायिक परंपरा मात्र या घराण्याचा मूळ पुरुष कृष्णाजीपंत ठोसर याचा काळ शके ८८४ (इ. स. ९६२) इतका मागे नेते. हे कथन करणारी हनुमंतस्वामींची बखर अठराव्या शतकाच्या अखेरची आहे. म्हणजे प्रसंग आणि त्याची नोंद यांत आठ शतकांचे अंतर पडते. एका पिढीस २५ ते ३० वर्षे धरल्यास शके ८८४ ते १५३० या ६४६ वर्षांत २२ ते २६ पिढ्या व्हावयास हव्यात. वंशावळीतील नावे या संख्येशी जुळली तरी त्यातून केवळ शक्यता सिद्ध होते, अस्तित्व सिद्ध होत नाही. शंकर श्रीकृष्ण देव यांनी धुळे येथे समर्थ संप्रदायाच्या कागदपत्रांचा मोठा संग्रह केल्यामुळे या घराण्याचा अभ्यास निदान शक्य झाला. ज्या कुटुंबाकडे वतन नव्हते, त्या कुटुंबाचा असा संग्रह कोणी करावा, हा प्रश्न उरतोच.

रयतेच्या नोंदी :
सामान्य रयतेचे नाव कागदावर येते ते प्रामुख्याने सारा भरणारा म्हणून. सालारजंग यांच्या सुधारणांतून १८६५ नंतर हैदराबाद संस्थानात जिल्हाबंदी झाली आणि महसुली दप्तर क्रमाने नियमबद्ध झाले. सेतवार, पाहणीपत्रक, वसूलबाकीचे कागद, तसेच संस्थान विलीन झाल्यानंतरचे १९५१ चे राष्ट्रीय नोंदणी रजिस्टर आणि १९५४-५५ चे खासरा पाहणीपत्रक ही आज शोधाची मुख्य साधने आहेत. त्यांना शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्या आणि गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूच्या नोंदी यांची जोड मिळते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पैठण यांसारख्या क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या हे आणखी एक साधन होय. त्यांत यात्रेकरूचे गाव, त्याच्या वाडवडिलांची, भावांची आणि मुलांची नावे एकत्र आढळतात.

यांतील प्रत्येक साधनाचा हेतू वेगळा आहे. पाहणीपत्रक जमीन कोण कसतो हे सांगते. नातेसंबंध सांगणे हे त्याचे काम नाही. शाळेच्या नोंदवहीत जात आढळते, परंतु शाळेत न गेलेल्या पिढीचे नाव तेथे सापडणार नाही. जनगणनेचे अहवाल आणि गॅझेटियर यांत जातनिहाय संख्या मिळते, व्यक्तीचे नाव मिळत नाही.

शोधातील अडचणी :
पहिली अडचण प्रशासकीय सीमांची आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद हे तालुके तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यात, तर परतूर परभणी जिल्ह्यात होता. बदनापूर, घनसावंगी आणि मंठा हे तालुके त्यानंतरचे. त्यामुळे एकाच गावाचे दप्तर कालखंडानुसार वेगवेगळ्या कचेऱ्यांत शोधावे लागते. वरिष्ठ पातळीवरील कागदांसाठी हैदराबादच्या अभिलेखागारापर्यंत जावे लागते.

दुसरी अडचण लिपी व भाषेची आहे. गावपातळीवरील लिखाण बहुधा मोडीत, तर सरकारी व्यवहार आधी फार्सीत व १८८४ च्या सुमारास उर्दूत आला. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्द सलग लिहिलेले असतात. उर्दू लिपीत 'ण' आणि 'ळ' ही अक्षरे नाहीत. म्हणून 'कुणबी' हा शब्द 'कुनबी' असा, तर 'काळे' हे आडनाव 'काले' असे उतरते. घाईच्या लेखनात नुक्ते गळाले तर वाचन सर्वस्वी संदर्भावर अवलंबून राहते.

तिसरी अडचण कालगणनेची आहे. दख्खनी फसली सनात ५९० मिळविल्यास साधारण इसवी सन मिळतो. त्यानुसार फसली १३५७ म्हणजे इ. स. १९४७-४८ होय. हाच आकडा हिजरी समजून वाचल्यास १९३८-३९ हे साल येते आणि नऊ वर्षांची चूक होते. वंशावळीत एवढ्या फरकाने थोरला भाऊ धाकटा ठरू शकतो.

चौथी अडचण नावाचीच आहे. जुन्या नोंदी 'अमुक वल्द तमुक, राहणार अमुक गाव' अशा असतात. आडनाव अनेकदा नसतेच. त्यात आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची प्रथा असल्याने तीच दोन नावे पिढ्यान्‌पिढ्या आलटून पालटून येतात. अशा वेळी नोंद आजोबांची की नातवाची, हे गट क्रमांक, सन आणि शेजारच्या खातेदारांची नावे यांवरूनच ठरवावे लागते. स्त्रियांची स्थिती याहून कठीण आहे. 'जौजे' या शब्दाने पतीशी जोडलेली स्त्री बहुधा वैधव्यात जमीन नावावर आल्यावरच कागदावर दिसते. तिचे माहेर तेथे नोंदलेले नसते.

पाचवी अडचण स्थलांतराची आहे. १८९९-१९०० चा दुष्काळ आणि १९४७-४८ मधील रझाकारांचा काळ यांत अनेक कुटुंबे गाव सोडून गेली. भोकरदन व जाफराबाद हे तालुके बुलढाणा जिल्ह्याला लागून आहेत. सोयरीक सीमेपलीकडे चालत असे, दप्तर मात्र एकीकडे निजामाचे आणि दुसरीकडे वऱ्हाडच्या इंग्रजी प्रशासनाचे होते. एकाच भावकीच्या दोन शाखांची नोंद त्यामुळे दोन रीतींनी झालेली असू शकते.

पुराव्याची चिकित्सा :
२ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेऊन गावपातळीवर चौकशीसाठी समितीची तरतूद केली. कागद नसलेल्या अर्जदारास १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याबाबत प्रतिज्ञापत्र देण्याची मुभाही त्यात आहे. इतर मागासवर्गीय संघटनांनी या निर्णयास आक्षेप घेतला व उच्च न्यायालयात आव्हान दिले. कायदेशीर निवाडा हा न्यायालयाचा विषय आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र दोन सावधगिरी आवश्यक ठरतात. एक, नोंद न सापडणे म्हणजे पूर्वज त्या जातीचा नव्हता असे नव्हे. दप्तर जळाले, भिजले, वाळवीने खाल्ले किंवा मुळात लिहिलेच गेले नाही, असेही संभवते. दोन, नोंद सापडणे म्हणजे ती आपल्याच पूर्वजाची असणे नव्हे. नामसाम्याचा धोका वर दाखविला आहे. दोन्ही बाजूंच्या दाव्यांना ही कसोटी सारखीच लागू होते. सत्तेच्या गरजेतून झालेली नोंद पूर्वजाची स्वतःविषयीची समजूत सांगत नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

समारोप :
जांबच्या ठोसरांची वंशावळ शतकानुशतके सांगितली गेली; त्याच परिसरातील कुणब्याचा पणजोबा एका ओळीतही सापडत नाही. हा फरक दप्तर कोणासाठी लिहिले गेले याचा आहे. वंशशोधाची आजची निकड ओसरल्यावरही हे दप्तर जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासाचे मूलभूत साधन राहील. त्यासाठी महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मोडी व उर्दू वाचनाचे वर्ग चालविणे, गावनिहाय सूची तयार करणे आणि वयोवृद्धांकडून मौखिक वंशावळी नोंदवून घेणे अगत्याचे आहे. कागद पुन्हा वाचता येईल. ज्येष्ठांच्या स्मरणातील नावे मात्र त्यांच्यासोबतच जातात.