इंदापूर तालुका

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा तालुका. उत्तरेस व पूर्वेस भीमा, दक्षिणेस नीरा. नीरा नरसिंहपूरला दोघींचा संगम होतो आणि तालुकाही तिथेच संपतो. भीमेपलीकडे करमाळा व माढा, नीरेपलीकडे माळशिरस. पश्चिमेस बारामती, वायव्येस दौंड. महसुलाच्या दृष्टीने तो बारामती उपविभागात मोडतो. इंदापूर शहरात नगर परिषद आहे. गावांचा कारभार ग्रामपंचायती आणि पंचायत समिती पाहतात.

दोन्ही नदीकाठांना खोल काळी जमीन, मधे मुरमाड माळ. प्रदेश पर्जन्यछायेतला, त्यामुळे पाणी कुणाच्या शेतात पोचते हाच इथला जुना प्रश्न.

महसुलाच्या इतिहासात इंदापूरला मोठे स्थान आहे. ब्रिटिश अमलात प्रिंगल या अधिकाऱ्याने केलेली साऱ्याची अवजड आकारणी फसली, शेतकरी जमिनी टाकून गेले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ मध्ये इथूनच नवी मोजणी सुरू केली. मातीचा रंग आणि थराची खोली पाहून शेताची प्रत ठरवायची, त्यातले खडे, चुनखड किंवा उतार यांसाठी प्रत खाली आणायची आणि सारा ३० वर्षांसाठी कायम करायचा. मुंबई इलाख्यातील रयतवारीची, म्हणजे थेट शेतकऱ्याकडून सारा घेण्याच्या पद्धतीची, घडी या प्रयोगातून बसली. मुदत संपल्यावर १८६७ च्या सुमारास सारा एकदम वाढवला गेला. १८७५ च्या दख्खनच्या सावकारविरोधी दंग्यांमागची कारणे शोधताना ही वाढ विसरून चालत नाही.

१८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला आणि ज्वारी-बाजरीच्या मुलखात ऊस आला. कळंबच्या माळावर उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात साखर कारखाना आणि ऊसमळे उभे केले; तेच वालचंदनगर. पुढे तिथे यंत्रनिर्मिती वाढली, अवकाश कार्यक्रमासाठीही सुटे भाग बनले. कमाल जमीनधारणा कायद्यानंतर कारखान्याची शेती राज्य शेती महामंडळाकडे गेली. भवानीनगरचा छत्रपती कारखाना मात्र सहकारातला. पाण्याच्या अतिवापराने काही जमिनी चोपण, म्हणजे क्षारांनी नापीक, झाल्या; ही किंमत कारखान्यांच्या ताळेबंदात दिसत नाही. कालव्याच्या शेवटच्या भागातल्या गावांना पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज भरूनही आवर्तनाची, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळीची, वाट पाहावी लागते, कारण वरच्या फाट्यांवर पाणी आधीच उचलले जाते.

१९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. भिंत माढा तालुक्यात, पण भीमाकाठची इंदापूरची सुपीक शिवारे धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यात गेली. जुने पळसदेव बुडाले. पाणी ओसरले की तिथले पळसनाथाचे देऊळ उघडे पडते. उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीवर लोक पिके घेतात, भिगवणला रोहित पक्षी येतात. बुडित गावांना उपशाने पाणी मिळाले, आतल्या माळाला नाही. २०२१ मध्ये उजनीचे ५ टीएमसी पाणी इंदापूरला देण्याचा आदेश निघाला आणि सोलापूर जिल्ह्यातील विरोधानंतर तो रद्द झाला. लाकडी-निंबोडी उपसा योजनेची मागणी याच आतल्या माळाची होती.